रिकामा डबा परत देणाऱ्या बाई

आपल्याकडं शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात, चार शेंगदाणे टाकतात, पण रिकामा देत नाहीत. हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कुणाला शिकवलं नाही. सगळ्यांना ते आपोआप असतंच. आमच्या नांदेडच्या गल्लीत मात्र एक बाई राहायला आल्या, त्यांना ते नव्हतं.

मी पहिल्यांदा शेंगोळे पाठवले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, घासून लख्ख, पुसून कोरडा आणि आत काहीच नाही. मी तो उलटा करून बघितला. झाकणाला काही चिकटलंय का तेही बघितलं. आता तुम्ही म्हणाल, विसरल्या असतील. मीही तेच म्हणलं. चार दिवसांनी येसर आमटी पाठवली, डबा रिकामा. समोरच्या घरातल्या सुनेनं धपाटे पाठवले, तिचाही रिकामा. गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे गर्व आहे, कुणी म्हणे एकटी बाई, तिला काय रीतभात. मला रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. माझा स्वभावच मेला तसा. एखादी गोष्ट अशी का आहे हे कळलं नाही तर मला जेवण गोड लागत नाही. गेले सरळ विचारायला.

"बाई, शेंगोळे आवडले न्हाईत का?"

"लई आवडले. आणखी करा."

"मग डबा असा रिकामा?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच येड्यासारखं बोलून राहिले. "डबा तुमचा. तुमचा तुम्हाला दिला. त्यात माझं काय असायला पाहिजे?"

"चिमूटभर साखर तरी टाकावी."

"अन तुम्ही न बघता त्यात चटणी भरली तर? साखर बी गेली अन चटणी बी गेली." मग म्हणाल्या, "ताई, डब्यानं काही धरून ठेवू नये. रिकामा असला तरच तो पुढच्याच्या कामाचा. बसा. चहा देते, पण अर्धा तास लागंल. आज घर फोडलंय."

घर फोडलंय म्हणजे काय, ते मला पुढं दर महिन्याला बघायला मिळालं. पहिल्या तारखेला बाई स्वयंपाकघरातले सगळे डबे रिकामे करायच्या. डाळी वर्तमानपत्रावर, तिखट ताटात, पोहे परातीत. डबे घासून अंगणात पालथे. मग एक वही काढायची. तिच्यात प्रत्येक डब्याची चिठ्ठी: तूरडाळ, दुसरी फळी, खिडकीकडून तिसरा. ते वाचून वाचून पुन्हा सगळं भरायचं. मी म्हणलं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाल्या, "चिठ्ठी बराबर हाय का न्हाई ते कळणार कसं? मोडून बघितल्याबिगर कशाचा भरवसा धरू?"

बाई मूळच्या उदगीरच्या. वडिलांचं तिथं भुसार मालाचं दुकान, घरात निम्मं कानडी. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. एकदा मी गमतीनं म्हणलं, बाई, ही डबी नाही का रिकामी करत? तर त्यांनी ती मुठीत धरली आणि म्हणाल्या, "हा एकच डबा असा हाय." नांदेडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये तीस वर्षं पोरांना शिकवून त्या रिटायर झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांचा तो जुना कॉम्प्युटर. नांदेडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात बाई कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडं करायच्या आणि स्वतः ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायच्या. "मला घाम येतो, त्याला येत न्हाई," हे त्यांचं उत्तर. बाई आता हैदराबादला भाच्याकडं असतात आणि तो कॉम्प्युटर माझ्या शिलाई मशीनशेजारी असतो. उन्हाळ्यात कूलर कुणाकडं असतो ते विचारू नका.

त्यांना कुतूहल तरी किती असावं! सिटी बसमध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायच्या, तिथं काही काम नसताना, फक्त कंडक्टरचं तिकिटाचं मशीन चालतं कसं ते बघायला. एकदा आम्ही दोघी लातूरला माझ्या भाचीच्या लग्नाला गेलो. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि बाई गायब. शोधून शोधून माझे पाय गेले. सापडल्या कुठं, तर मंगल कार्यालयामागच्या डाळ मिलमध्ये. डोक्यावर तुरीचा भुसा, आणि एका मशीनपुढं खाली वाकून उभ्या. काळी डाळ आली की ते मशीन फुंकर मारून नेमकी तेवढीच उडवतं. मला म्हणाल्या, "ताई, हळू बोला. ते बघून राहिलंय." जेवण राहिलं ते राहिलंच. परतीच्या बसमध्ये मी रुसून बसले आणि बाई मुखेड फाट्यापर्यंत, मशीनला काळं कसं कळत असेल, हेच बोलत होत्या.

आता माझं सांगते. मी सातवी शिकलेली. ब्लाऊज शिवण्यात जन्म गेला. पण मला शब्दांचा नाद आहे. मुखेडकडचे, बिलोलीकडचे, कानडी, तेलुगू, उर्दू असं सगळं मिसळलेले आपले शब्द म्हाताऱ्या बायांच्या तोंडी ऐकले की मी कापड मापायच्या वहीत मागच्या बाजूनं लिहून ठेवायची. लेकीनं तिचा जुना लॅपटॉप दिला, मी बोटानं एकेक अक्षर टिपत टिपत मराठी लिहायला शिकले, आणि फुकटच्या एका साइटवर ते शब्द टाकायला लागले. लोक वाचायला लागले हो! कुणी लिहायचं, आमची आजी हाच शब्द जरा वेगळा म्हणते. कुणी म्हणायचं, मावशी, हा शब्द मी लहानपणानंतर आज पहिल्यांदा बघितला. आणि एक दिवस ती साइटच बंद पडली. निरोप नाही, काही नाही. वहीत होतं म्हणून माझं तरी वाचलं, पण लोकांनी लिहिलेलं सगळं गेलं. मी बाईंच्या ओट्यावर बसून रडले.

"भाड्याच्या घरात किती दिवस ऱ्हाता?" बाई म्हणाल्या. "माझ्या कॉम्प्युटरवर या."

मला समजावायला त्यांनी चार पुडांचा टिफिन काढला. "हे बघा. भातात रस्सा जात न्हाई, रश्श्यात दही जात न्हाई. तसेच एका कॉम्प्युटरात वेगवेगळे डबे. इंग्रजीत कंटेनर म्हणतात. एका डब्यात तुमचा ब्लॉग लोकांना दाखवणारा प्रोग्राम. दुसऱ्या डब्यात डेटाबेस, म्हणजे कोणतं पान कुठं हाय, कुणी काय लिहिलं, ते काढून देणारा कारकून."

"म्हणजे माझे शब्द कारकुनाच्या डब्यात?"

"न्हाई! इथंच लोक चुकतात. डब्यात काही ठेवायचं न्हाई. शब्द डब्याच्या बाहेर, एका पक्क्या जागेत. त्या जागेला वॉल्यूम म्हणतात. कारकून तिथनं काढतो अन तिथंच ठेवतो. डबा फुटला तर फुटू द्या. डबा कसा उभा करायचा त्याची चिठ्ठी हाय, वॉल्यूम हाय, दोन मिनिटांत नवा डबा उभा."

मी वहीत लिहून घेतलं: डबा, चिठ्ठी, वॉल्यूम. पहिले दोन शब्द समजले. तिसरा तर मला आधीपासूनच माहीत होता, टीव्हीच्या रिमोटवर रोज बघत होते. म्हणून त्याचं काही विचारलं नाही. सगळं विचारणारी मी, नेमकं तेवढंच विचारलं नाही.

त्या कॉम्प्युटरच्या चिठ्ठीचं एक सांगायलाच पाहिजे. तिच्यात ओळी अशा लिहायच्या, की डब्याचं नाव कडेला, त्याच्याखालची ओळ दोन जागा सोडून, तिच्याखालची आणखी दोन सोडून. एक जागा जरी कमीजास्त झाली तरी सगळं बंद पडतं. बाई बोटानं कानडीत मोजायच्या, "ओंदु, एरडु." एकदा अर्धा दिवस ब्लॉग उभाच राहीना. बाई कावलेल्या. मी सहज मागून डोकावले आणि म्हणलं, "बाई, ही बाही तिरपी लागलीय." खालून तिसरी ओळ एका जागेनं सरकलेली होती. चाळीस वर्षं शिवणात काढलेल्या बाईला ते दिसणारच की. बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "उद्यापासनं चिठ्ठी तुम्ही तपासायची." सातवी शिकलेल्या मला तेव्हा काय वाटलं ते आता सांगत बसत नाही.

आणि मग ती पहिली तारीख आली. बाई म्हणाल्या, चला, आज तुमचा ब्लॉग फोडते. मला वाटलं चेष्टा. त्यांनी एक ओळ टिपली, बटण दाबलं आणि माझ्या फोनवर 'पान सापडत नाही'. मी फोन बाईंच्या तोंडासमोर धरला. बाई मात्र चहा फुंकून फुंकून प्यायल्या. मग दुसरी ओळ टिपली, आणि सगळं परत! एकूण एक शब्द, एकूण एक उत्तर जागच्या जागी. "बघितलं? डबा नवा, आतलं काही हललं न्हाई." पुढं प्रत्येक पहिल्या तारखेला आधी घर आणि मग ब्लॉग फुटायचा. मला सवय झाली. खरं सांगायचं तर मजा यायला लागली.

वाचणारे म्हणायला लागले, मावशी, नुसतं लिहू नका, म्हाताऱ्यांचे आवाज ऐकवा. मी फोनवर नऊ बायांचं बोलणं भरून आणलं. त्यात माझी अक्का, माझी थोरली बहीण. ती मुखेडच्या पुढं एका खेड्यात असते. अक्का म्हणजे बोलण्याचा कारखाना. ती अकरा मिनिटं एकटी पेवावर बोलली. पेव म्हणजे जमिनीखाली खोदलेलं धान्याचं कोठार. तोंड लहान, आत पोट मोठं, वरून मातीनं लिंपलेलं. आमच्या लहानपणी घरोघरी होतं, आता कुणाला दाखवायलाही नाही. अक्का बोलता बोलता मध्येच कोंबड्यांना हाकलते, "हुश्श!" आणि पुन्हा तिथूनच पुढं सुरू करते. ते मी ब्लॉगवर लिहिलंही होतं. आवाज साइटवर चढले तसे फोनवरचे मी पुसून टाकले. फोन भरला होता ना. आणि साइटवर गेलं म्हणजे पक्क्या जागी गेलं, एवढं मला आता येत होतं.

आवाज चढवायची सोय बाईंनी घाईघाईत करून दिली होती. त्याच दिवशी त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्यांचा फोन आला. एका डोळ्याला पट्टी, पण जीव इकडं.

"ताई, आवाजाचं वॉल्यूम बघितलं का? बराबर हाय ना?"

"हाव बाई! फुल हाय."

"एवढ्यात फुल झालं? बरं बरं, म्हणजे त्यातच पडून राहिलंय. मी आले की वाढवते."

"आणखी वाढवता? गल्ली भांडायला येईल की!"

बाई हसल्या, मीही हसले. मग नर्सनं त्यांचा फोन काढून घेतला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दिवसभर बोलणारी अक्का खाटेवर पडून नुसती माणसांच्या तोंडाकडं बघायला लागली. तिच्या सुनेनं एक दिवस सहज फोनवर ते पेवाचं बोलणं लावलं. अक्काचे डोळे मोठे झाले. स्वतःचाच आवाज ती जीव लावून ऐकायला लागली आणि ओठ हलवायला लागली, जसं काही त्याच्या मागं मागं म्हणून बघतेय. डॉक्टर म्हणाले, रोज ऐकवा. मग रोज सकाळी दूध प्यायच्या आधी अक्का डाव्या हातानं फोन दाखवायची. सून मला कळवायची, मावशी, आज दोनदा ऐकलं.

बाई परत आल्या, काळा चष्मा लावून. दुसऱ्याच दिवशी पहिली तारीख. मी चहा करून नेला, सोबत शेंगोळ्यांचा डबा. बाईंनी ओळ टिपली, ब्लॉग फुटला. दुसरी ओळ टिपली, ब्लॉग उभा राहिला. शब्द जागेवर, उत्तरं जागेवर. मी अक्काचं बोलणं लावायला गेले. काहीच नाही. बाकीच्या आठ बायांचं लावून बघितलं. सगळं मुकं.

"बाई, आवाज येईना."

"चिठ्ठी वाचा ताई, मला अजून बारीक दिसंना."

मी वाचली. बोट ठेवून, ओळ न ओळ. कारकुनाच्या डब्याखाली वॉल्यूमची ओळ होती. ब्लॉगच्या डब्याखाली आवाजाची ओळच नव्हती. घाईत जोडायची राहिली होती. म्हणजे नऊ बायांचे आवाज इतके दिवस डब्यातच पडून होते, आणि डबा आत्ताच आम्ही चहा पीत पीत फोडला होता.

"पण तुम्ही तर फोनवर म्हणल्या, वॉल्यूम फुल हाय!" बाई म्हणाल्या.

"होताच फुल. मीच वाढवला होता."

"कुठं?"

मी लॅपटॉपच्या कडेचं आवाजाचं बटण दाखवलं.

बाई हसल्या नाहीत. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, नाहीतर मला येडी म्हणलं असतं. त्या उठल्या आणि भिंतीतली वायरच ओढून काढली. "आता याला कुणी हात लावायचा न्हाई. पुसलं म्हणजे लगेच जात न्हाई. जागेवरचं मालकाचं नाव तेवढं जातं. दुसरं काही त्यावर येऊन पडायच्या आत..." आणि मध्येच थांबल्या.

मला मात्र थांबता आलं नाही. "तुम्हाला मोडायची एवढी हौस का हो? डाळीचे डबे मोडा की! माझी अक्का आता पुन्हा बोलायची न्हाई बाई. बाकीच्या आठजणींकडं मी पुन्हा जाईन, अक्काकडं जाऊन काय भरून आणू?"

बाई खाली जमिनीवर बसल्या. "चूक माझी हाय. मी शब्द विचारला. वस्तू कोणती, ते विचारलं न्हाई."

मी निघून आले. शेंगोळ्यांचा डबा तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी एसटीनं अक्काकडं गेले आणि तिथंच राहिले. रोज सकाळी अक्का डाव्या हातानं फोन दाखवायची. सून तिला म्हणायची, "आत्या, साइट लागंना, उद्या लागंल." अक्का सुनेकडं बघायची, मग माझ्याकडं बघायची. काय झालं ते मला तिला सांगता येईना. जिच्यापासून जन्मात काही लपवलं नाही, तिच्यासमोर मी मान खाली घालून भाजी निवडत बसायची.

तीन आठवड्यांत बाईंचा एकदाही फोन नाही. नांदेडच्या गल्लीतल्या समोरच्या सुनेचा मात्र आला. "मावशी, तुमच्या बाईंच्या घरातनं दिवसभर बायांचे आवाज येऊन राहिलेत. कधी गाणी, कधी कॉलेजच्या पोरांचा गोंधळ. अन बाई तर घरात एकट्याच."

एक दिवस दुपारची एसटी येऊन गेली आणि अंगणाच्या फाटकाशी काळा चष्मा दिसला. बाई. हातात माझा डबा. चेहरा एवढासा झालेला. त्या बसल्याही नाहीत, डबा पुढं केला. मी तो घेतला आणि हाताच्या सवयीनं उघडला. म्हणजे रिकामाच असणार, हे धरूनच उघडला. आत प्लास्टिकची पुडी, आणि पुडीत बोटाच्या नखाएवढं मेमरी कार्ड.

"सगळं न्हाई मिळालं," बाई म्हणाल्या. "अकरातली चार मिनिटं हायेत."

मग एकेक करून त्यांनी सांगितलं. त्या कॉम्प्युटरची डिस्क काढून त्यांनी दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली होती. पुसलेलं उकरून काढलं तेव्हा हजारावर फायली निघाल्या, एकीलाही नाव नाही. त्यात वीस वर्षांचा कचरा, कॉलेजच्या गॅदरिंगची गाणी, अर्धे तुटके आवाज. डॉक्टरांनी डोळ्याला ताण द्यायला मनाई केलेली. "बघायचं न्हाई म्हणले, ऐकायचं न्हाई असं कुठं म्हणले?" म्हणून त्या डोळे मिटून एकेक फाईल ऐकत बसल्या.

"पण तुम्ही अक्काला कधी बघितलं न्हाई, ऐकलं न्हाई. ओळखलं कसं?"

"तुम्हीच लिहिलं होतं की ब्लॉगवर. ते वॉल्यूममधी शाबूत होतं. बोलता बोलता कोंबड्या हाकलती म्हणून. मी 'हुश्श' शोधून राहिले होते."

सुनेनं कार्ड फोनमध्ये घातलं आणि अक्काच्या उशाशी लावलं. आवाज सुरू झाला तो वाक्याच्या मध्येच. "...तोंड उघडलं की दोन दिस तसंच ठेवायचं बाई, कुणी वाकायचं न्हाई. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत ऱ्हायला तर माणूस उतरायचा. इझला तर कुणीबी उतरायचं न्हाई, मग सासरा का असंना... हुश्श! हुश्श मेल्यांनो!"

खाटेवर अक्काचा डावा हात वर झाला. अंगणातल्या खऱ्याखुऱ्या कोंबड्यांकडं तो हलला आणि तोंडातून हवेसारखं काहीतरी निघालं. "श्श."

सुनेनं पदर तोंडाला लावला. मी कुठं बघावं ते मला कळेना. आणि बाई? बाईंनी स्टूल ओढलं, अक्काच्या अगदी जवळ बसल्या आणि विचारलं, "अक्का, पण कंदील इझतो कशानं? आत हवाच न्हाई, का हवा खराब?"

मी म्हणणार होते, बाई, तिला बोलता येत नाही. पण अक्कानं डावा हात खाटेच्या खाली नेला, तळवा सपाट धरला, आणि सावकाश गुडघ्याएवढ्या उंचीवर आणून थांबवला. मग हात तिथंच पाण्यावरून फिरवल्यासारखा फिरवला.

"म्हणजे खराब हवा जड असती!" बाई ओरडल्याच. "खालीच बसती! वरचा माणूस ठीक अन उतरणारा मरतो. असंच ना?" अक्कानं मान हलवली. त्या दोघी मग तासभर बोलत होत्या. एक तोंडानं, एक हातानं. झटका आल्यापासून अक्काला कुणी काही विचारलंच नव्हतं हो. आम्ही नुसतं ऐकवत होतो.

निघायच्या आधी बाई मला फाटकाशी म्हणाल्या, "त्या जागेचं नाव मी बदललंय. चिठ्ठीत इंग्रजी शब्द ठेवावा लागतो, पण त्याच्यापुढं मी पेव लिहिलंय. आवाजाची ओळ बी जोडली. तुम्ही येऊन तपासा." मग खाली बघत म्हणाल्या, "अन आता मी डबा फोडणार न्हाई ताई. घर बी न्हाई. पुरं झालं."

"फोडा की बाई. फक्त आधी मला विचारा, पेवात काय काय हाय."

त्यांनी उत्तर दिलं नाही. नांदेडला आल्यापासून बाईंनी एखाद्या गोष्टीचं उत्तर दिलं नाही असं मी कधी बघितलं नव्हतं, आणि ते मला बरं वाटलं नाही.

आतून खाटेचा दांडा वाजवल्याचा आवाज आला. अक्का डाव्या हातानं सुनेला माझा डबा दाखवत होती. रिकामा होता ना तो. सुनेनं पटकन शेंगदाण्याचे लाडू भरून बाईंच्या हातात दिला. "मॅडम, असाच कसा न्यायचा?"

"डबा ताईंचा हाय, मी रिकामा..." बाई म्हणायला लागल्या. अक्कानं पुन्हा दांडा वाजवला. बाईंनी डबा घेतला.

मी आठवड्यानं नांदेडला परतले. येताना बसमध्ये सगळा वेळ मनात तेच. आता डबा परत येईल तेव्हा त्यात साखर असेल. बाई आता सगळ्यांसारख्या होणार. कशाला हात लावायला भिणार, काही मोडून बघणार नाहीत, कूलर स्वतःकडं फिरवून गप बसणार. आणि ते सगळं एका रिमोटवरच्या शब्दापायी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर डबा ठेवलेला. मी लगेच उघडला नाही. आधी समोर बघितलं. बाईंच्या अंगणात उन्हाला डबे पालथे घातले होते, लहानमोठे सगळे, ओळीनं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आज पहिली तारीख.

मग उघडला. घासून लख्ख, पुसून कोरडा, आत एक कण नाही. खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला.